लीड वाचवा, डिझेल वाचवा: 'बुलढाणा पॅटर्न'मध्ये छोट्या उद्योजकाचं काम कुठे आहे?



व्हिडिओच्या नावात 'लो-कार्बन' किंवा 'शाश्वत विकास' असे शब्द आले की आपल्याकडची पोरं अंगठ्यानं तो व्हिडिओ वर सरकवून टाकतात. हे मुंबई-पुण्याच्या मेट्रोवाल्यांचं काम, आपण बुलढाण्याचे, आपला काय संबंध? मी म्हणतो, संबंध आहे आणि तो थेट आहे. रस्ते बांधताना कार्बन कसा वाचवायचा याचा जो नमुना दिल्लीपर्यंत गाजला, नीती आयोगानं ज्याची दखल घेतली, त्याला आपल्याच जिल्ह्याचं नाव आहे: 'बुलढाणा पॅटर्न'. नाव आपलं, माती आपली, तलाव आपले. त्यातला धंदा मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना दिसला.

आज तोच बघू. व्हिडिओत वेळेअभावी जे हिशेब पळवत सांगितले, ते इथे सावकाश मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक शब्द शिका: लीड

सार्वजनिक बांधकाम खात्याचं कुठलंही अंदाजपत्रक उघडा. त्यात 'लीड' हा शब्द हमखास सापडेल. माल जिथून उचलायचा तिथपासून जिथे टाकायचा तिथपर्यंतचं अंतर म्हणजे लीड. माती, मुरूम, गिट्टी, वाळू, पाणी, प्रत्येकाचा लीड वेगळा. मुरमाची स्वतःची किंमत ती केवढी! खरा खर्च त्याला आणण्याचा. आणि आणण्याचा खर्च म्हणजे हायवाच्या टाकीतलं डिझेल.

एक हिशेब करू. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या साइटचे तुम्ही टाका. समजा रस्त्याच्या भरावाला १ लाख घनमीटर माती लागणार आहे. एक हायवा ५ ब्रास नेतो असं धरा. १ ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणजे फेरीला साधारण १४ घनमीटर. झाल्या अंदाजे ७,००० फेऱ्या. आता माती २५ किलोमीटरवरून आणली तर जाऊन-येऊन ५० किलोमीटर. तीच माती ५ किलोमीटरवर मिळाली तर जाऊन-येऊन १०. फेरीमागे ४० किलोमीटर वाचले. ७,००० गुणिले ४० म्हणजे २ लाख ८० हजार किलोमीटर. लिटरला साडेतीन किलोमीटर धरलं तर ८०,००० लिटर डिझेल. लिटरचा भाव ९० धरा, ७२ लाख रुपये झाले.

एक लिटर डिझेल जळालं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ८०,००० लिटरचा झाला २१४ टन. म्हणजे ज्या निर्णयानं ७२ लाख वाचले, त्याच निर्णयानं २१४ टन कार्बन वाचला. दोन वेगळे निर्णय घ्यावे लागले नाहीत. इंजिनिअरिंग फर्म जेव्हा 'लो-कार्बन डिझाइन' म्हणून अहवाल देतात, तेव्हा त्यातला मोठा भाग हाच असतो: माल कुठून आणायचा, किती आणायचा, आणि न आणता भागेल का. शब्द इंग्रजी असले तरी डोकं आपल्या किराणा दुकानदाराचंच आहे.

तलावातली माती, रस्त्याचा भराव

आता बुलढाणा पॅटर्न. जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांची कामं जोरात सुरू होती, तेव्हा भरावाला माती-मुरूम लागत होताच. तो शेतातून, टेकडीतून खणायचा आणि तिथे खड्डा सोडून द्यायचा, ही जुनी रीत. दुसरीकडे गावोगावचे पाझर तलाव, नाले, छोटी धरणं गाळानं भरलेली. पाऊस पडला तरी पाणी साठायला जागा नाही. त्यावर उपाय काढला गेला तो असा: महामार्गाच्या कंत्राटदारानं माती तलावातून आणि नाल्यातून घ्यावी. त्याला माल मिळेल, गावाला खोली मिळेल आणि खोदाईचा पैसा सरकारला वेगळा द्यावा लागणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी हा नमुना देशभर सांगितला. केंद्र सरकारनं दिलेल्या आकड्यानुसार या कामातून जिल्ह्यात पाणी साठवण्याची क्षमता ५,५१० टीसीएमनं वाढली.

टीसीएम म्हणजे हजार घनमीटर. म्हणजे ५५ लाख १० हजार घनमीटर. लिटरमध्ये मोजलं तर तलाव एकदा भरला की ५५१ कोटी लिटर जास्तीचं पाणी. आणि आपल्या मघाच्या हायवाच्या भाषेत? जवळपास ३ लाख ९० हजार फेऱ्या, आणि खणलेली माती सैल होऊन फुगते ते धरलं तर आणखी जास्त. हा आकडा डोळ्यासमोर आणा. प्रत्येक फेरीला कोणीतरी ड्रायव्हर होता, कोणीतरी फेरी मोजत होतं, कोणीतरी तलावाची लेव्हल घेत होतं, कोणीतरी मातीचा नमुना लॅबला पोचवत होतं.

याच काळात आणखी दोन गोष्टी चालू होत्या. राज्य सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ ची. आणि २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेनं 'सुजलाम सुफलाम बुलढाणा' म्हणून मशीन उतरवली. त्यात गाळ शेतकऱ्यानं स्वतःच्या ट्रॅक्टरनं शेतात न्यायचा होता. लोक या तिन्ही गोष्टी एकात घालतात, पण धंद्याच्या दृष्टीनं फरक समजून घ्या. वरचा काळा गाळ शेतात जातो. त्याच्या खालचा मुरूम रस्त्यात जातो. दोघांची गिऱ्हाइकं वेगळी, परवानग्या वेगळ्या, मोजमाप वेगळं.

ऐकायला एवढं सोपं असतं तर इंजिनिअरची गरजच पडली नसती. आता अडचणी सांगतो. तुमचं काम तिथेच आहे.

रॉकेलची टेस्ट

आपली काळी माती कापसाला सोनं आहे, रस्त्याखाली मात्र वैरीण. पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसून भेगाळते. घाटाखालच्या रस्त्यांवरून गाडी चालवली असेल तर तुम्हाला सांगायला नको, डांबर समुद्रासारखं लाटा मारतं. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुऱ्याकडे, या मातीचा थर खूप खोल आहे. तिथे चांगला मुरूम जवळ मिळत नाही, लीड वाढतो. घाटावर, चिखली-मेहकरकडे, थोडं खणलं की मुरूम लागतो. एकाच जिल्ह्यात दोन वेगळी अंदाजपत्रकं होतात ती यामुळे.

मग तलावातून निघालेली माती रस्त्याला चालेल की नाही हे कसं ठरवायचं? रस्ते मंत्रालयाच्या तांत्रिक नियमावलीत अटी आहेत. त्यातली एक अट मला फार आवडते, कारण तिची चाचणी बघून दहावीचं पोरगंही शिकू शकतं. तिला 'फ्री स्वेल इंडेक्स' म्हणतात. वाळवून चाळलेली माती १०-१० ग्रॅम घ्यायची. १०० मिलीच्या दोन मापपात्रांत टाकायची. एकात रॉकेल, दुसऱ्यात शुद्ध पाणी. नीट ढवळून २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलमध्ये मातीची पातळी १० वर आली आणि पाण्यात १६ वर, तर फुगवटा ६० टक्के. हा आकडा ५० च्या वर गेला की ती माती भरावाला चालत नाही. विषय संपला, तो ढीग बाजूला.

पुढच्या चाचण्यांना मशीन लागतं. माती दाबून तिची कमाल घनता काढतात. रस्त्याच्या पायाला, म्हणजे सबग्रेडला, ती घनमीटरला १७.५ किलोन्यूटनपेक्षा कमी चालत नाही. मग सीबीआर, म्हणजे माती वजन पेलते किती. आणि साइटवर रोलर फिरल्यावर दाबाई खरंच झाली का, ते बघायचं. सबग्रेडला ९७ टक्के, खालच्या भरावाला ९५ टक्के. या कामाला कोअर कटर नाहीतर वाळू भरून घनता काढायची पद्धत वापरतात. सिव्हिल डिप्लोमावाल्यांनो, हे सगळं तुम्ही प्रॅक्टिकलला केलंय. जर्नलवर सही घेतली आणि विसरून गेलात!

कार्बनशी याचा संबंध असा: माती न तपासता टाकली आणि दोन पावसाळ्यांत रस्ता बसला, तर तो सगळा माल पुन्हा उकरायचा, पुन्हा आणायचा. जो रस्ता दोनदा बांधावा लागला, त्याचा कार्बन दुप्पट. लॅबमधल्या दोन मापपात्रांनी वाचवलेलं डिझेल कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही.

तलावाचं दुखणं वेगळं आहे. खणणाऱ्याला मुरूम दिसला की हात थांबत नाही. बांधाच्या पायथ्याजवळ खणलं तर बांधच धोक्यात. तळ फार खोल नेला तर खालचा भेगाळलेला खडक उघडा पडतो आणि पाणी मुरून जातं. पाझर तलाव असेल तर मुरलेलं पाणी आसपासच्या विहिरींना मिळतं, चांगलंच आहे. पण साठवण तलाव असेल, ज्यातून गावाला पाणी द्यायचंय, तर तोच तलाव मार्चमध्ये कोरडा. कुठे किती खणायचं, हा निर्णय जेसीबीच्या सीटवर बसून घ्यायचा नसतो. आधी लेव्हल घ्यायच्या, नकाशावर खोली ठरवायची, मग खणायचं, मग पुन्हा लेव्हल घ्यायच्या. आधीची आणि नंतरची मापं वजा केली की किती माती निघाली ते कळतं. गावकरी, कंत्राटदार आणि खातं यांच्यात वाद झाला की हाच कागद बोलतो.

मोठी फर्म काय करते, आणि काय करायला तिला वेळ नसतो

महामार्गाच्या कामात इंजिनिअरिंग फर्म दोन-तीन रूपांत भेटते. एक, डीपीआर बनवणारी सल्लागार कंपनी. रस्ता कुठून न्यायचा, किती रुंद, पूल किती, माती कुठून, हे ती ठरवते. दोन, काम चालू असताना सरकारच्या बाजूनं देखरेख करणारी. ठेक्याच्या प्रकारानुसार तिला अथॉरिटीज इंजिनिअर किंवा इंडिपेंडंट इंजिनिअर म्हणतात. तीन, कंत्राटदाराची स्वतःची डिझाइन टीम.

यांची ऑफिसं दिल्ली, हैदराबाद, पुणे, नागपूरला. त्यांना मोताळा तालुक्यातल्या तलावाच्या लेव्हल हव्या असतात, पण त्यासाठी कायमची माणसं इथे बसवणं परवडत नाही. सर्व्हे, मातीचे नमुने, वाहनांची मोजणी, गावातल्या बैठका, जमिनीच्या नोंदी गोळा करणं, ही कामं ते बाहेर देतात. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे ही कंपनी. मुंबईची मेट्रो बांधायची नाहीये तुम्हाला. मेट्रो बांधणाऱ्यांना जे जिल्ह्याच्या पातळीवर करून हवंय, ते करायचंय.

जाता जाता एक गंमत. आपल्या खामगाव-नांदुरा-मलकापूरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, जुना ६ नंबर, त्याच्या चौपदरीकरणाच्या टप्प्याला 'अमरावती-चिखली' म्हणायचे. कित्येकांना वाटतं रस्ता आपल्या चिखलीला जातो. ती चिखली जळगाव जिल्ह्यातली, मुक्ताईनगरकडची. टेंडर वाचताना नुसतं नाव बघून उड्या मारू नका, नकाशा उघडा.

जेसीबी घेऊ का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि यावर माझं मत ठाम आहे. पहिला धंदा म्हणून घेऊ नका.

कारण बघा. तलावातलं काम तलाव आटल्यावरच होतं. म्हणजे फेब्रुवारी-मार्चपासून मृग लागेपर्यंत. फार तर चार महिने. पाऊस सुरू झाला की तलाव भरला, भराव थांबला. हप्ता मात्र बारा महिने. मशीन बसून राहतं, हप्ता बसत नाही. त्यात ऑपरेटरचा पगार, टायर, हायड्रॉलिक पाइप, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बिलाची वाट बघणं. बापाच्या सात-बाऱ्यावर बोजा चढवून मशीन घेतलं आणि एका सिझनचं पेमेंट अडकलं, तर विकताना मशीनही जातं आणि बोजाही राहतो. ज्याच्याकडे आधीच मशीन आहे आणि एकदोन खात्रीचे कंत्राटदार आहेत, त्याचं गणित वेगळं. मी नवीन माणसाबद्दल बोलतोय.

त्यापेक्षा सर्व्हेचं काम बघा. टोटल स्टेशन भाड्यानं मिळतं. पहिली दोन-तीन कामं भाड्याच्या यंत्रावर करा, हात बसू द्या. तलाव, शेततळी, ले-आउट, नगरपालिकेची गटारं, जलवाहिन्या, सगळीकडे लेव्हल लागतात, पावसाळ्यातही घरात बसून ड्रॉइंग करता येतं. ड्रोनचं वेड बऱ्याच जणांना आहे. चांगलं आहे, पण २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार पैसे घेऊन उडवायचं तर २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन सोडता रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन उचलला आणि तलाव मोजला, असं चालणार नाही.

माती-मटेरियल टेस्टिंगची लॅब हा दुसरा रस्ता. इथे स्पष्ट सांगतो, सरकारी बिलाला जोडायचे रिपोर्ट मान्यताप्राप्त लॅबचे लागतात, आणि एनएबीएल मान्यता पहिल्या दिवशी मिळत नाही. पण कंत्राटदाराला स्वतःसाठी रोजची तपासणी हवीच असते. ढीग आणायच्या आधी चालेल की नाही हे कळलं तर त्याच्या पन्नास फेऱ्या वाचतात. तिथून सुरुवात करा. नमुने गोळा करून मोठ्या लॅबला किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लॅबला पोचवणं, रिपोर्टचा पाठपुरावा करणं, साइटच्या लॅबसाठी प्रशिक्षित मुलं पुरवणं, हेही कामच आहे. चारजण मिळून करा, एकट्यानं उडी मारू नका.

शेगावात पायी चालणाऱ्याला मोजतंय कोण?

महामार्ग झाला, आता शहर. आपल्या जिल्ह्यात शहराची रचना आणि वाहतूक या दोन्हीचा धडा घ्यायचा तर शेगावसारखं गाव नाही. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचं स्टेशन, तिथून मंदिर पायी जाण्याइतकं जवळ, गुरुवारी गर्दी, आणि प्रकट दिनाला, रामनवमीला, ऋषिपंचमीला तर विचारूच नका. गावोगावच्या पायी दिंड्या येतात. एवढी माणसं रेल्वेनं आणि पायी येतात. कार्बनच्या भाषेत बोलायचं तर हे सगळ्यात हलके प्रवासी.

पण रस्त्याचं डिझाइन कसं होतं ते ऐका. आधी वाहनांची मोजणी. महामार्गाच्या डीपीआरसाठी ती सलग ७ दिवस, २४ तास करतात. मग प्रत्येक वाहनाला भारांक द्यायचा, त्याला पीसीयू म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या महामार्गाच्या कोष्टकात मोटार १, मोटारसायकल अर्धा, ट्रक किंवा बस ३ आणि बैलगाडी चक्क ८! बैलगाडी रस्ता जास्त वेळ अडवते म्हणून तिला आठ मोटारींचा मान. आणि पायी चालणारा? तो या कोष्टकात नाहीच. त्याच्यासाठी वेगळी मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३, ज्यात पदपथ किमान १.८ मीटर मोकळा असावा असं म्हटलंय. पण पायी माणसं कोणी मोजलीच नाहीत तर त्या पदपथाची मागणी करणार कोण? जे मोजलं जात नाही, ते ड्रॉइंगमध्ये येत नाही. आणि मग भक्ताला गटाराच्या झाकणावरून नाहीतर रिक्षांच्या मधून चालावं लागतं.

मोजणीचं काम बाहेर देतात हे मघाशी म्हणालोच. दहा-बारा हुशार मुलांची टीम, तीन पाळ्या, फॉर्म भरणं, रात्रीच्या पाळीत झोपू न देणारा एक कडक सुपरवायझर. भांडवल थोडं, शिस्त भरपूर. आणि तुम्ही जर नुसती वाहनं मोजून न देता, गुरुवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी स्टेशनवरून मंदिराकडे किती माणसं पायी गेली, वाटेत कुठे थांबली, कुठे रस्ता ओलांडला, हेही मांडून दिलंत, तर सल्लागार कंपनीला तुमचा नंबर लक्षात राहील. नगरपालिकेलाही असा कागद उपयोगाचा आहे. खामगाव, मलकापूर, चिखलीच्या बाजारपेठांचंही तेच. बाजाराच्या दिवशीची मोजणी आणि इतर दिवसांची यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि बाहेरून आलेल्या माणसाला बाजार कोणत्या दिवशी भरतो हेही ठाऊक नसतं.

इलेक्ट्रिक रिक्षा: घाटाखाली हो, घाटावर जपून

विजेवरच्या गाड्यांबद्दल थोडक्यात, कारण यावर वेगळा व्हिडिओ आहे. एसटीची 'शिवाई' १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर धावली आणि वारं कुठे वाहतंय ते कळलं. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाला, बुलढाणा शहराला, रेल्वे नाही. आपला सगळा भार रस्त्यावर. त्यामुळे बॅटरीची गाडी येणारच.

पण भूगोल बघून पैसे घाला. ई-रिक्षा म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या आतली गाडी. शेगाव, खामगाव, मलकापूर, नांदुरा अशा गावांत, स्टेशन ते बाजार, ती छान चालते. राजूर घाट किंवा बोथ्याचा घाट तिच्याकडून चढवून घ्यायला जाल तर बॅटरी आणि प्रवासी दोन्ही उतरतील. शेगावात संस्थानच्या मोफत बस आहेत, हेही भाड्याचा हिशेब करताना धरा. माझं मत विचाराल तर रिक्षा घेण्यापेक्षा रिक्षा दुरुस्त करणारा जास्त कमावेल. शिशाच्या बॅटऱ्या वर्ष-दीड वर्षात मान टाकतात, कंट्रोलर जळतात, वायरिंग उंदीर खातात, आणि गावात ते ओळखणारा माणूस नसतो. आयटीआय इलेक्ट्रिशियनवाल्यांनी इकडे नीट लक्ष द्या.

राखेची वीट हा आणखी एक विषय. शेगावहून अकोल्याकडे जाताना पारसचं औष्णिक वीज केंद्र लागतं, तिथे कोळशाची राख निघते. मातीची वीट भट्टीत भाजावी लागते, राखेची वीट दाबून पाण्यावर पिकवतात, भट्टी नाही. जगातल्या एकूण कार्बनपैकी ७-८ टक्के एकट्या सिमेंटचा धरतात, आणि सिमेंटमध्येही राख मिसळली की त्याचा वाटा कमी होतो. धंदा चांगला आहे, पण इथेही लीड बघा. मेहकरात कारखाना टाकून पारसची राख आणायची म्हटलं तर वीट स्वस्त राहणार नाही. आणि पाणी मारण्यात घाई केली तर वीट हातात तुटते, बदनामी मात्र 'राखेच्या विटा वाईट' अशी सगळ्यांचीच होते.

पैसे कधी मिळणार?

या सगळ्या कामांत खरी अडचण तांत्रिक नाही, उधारीची आहे. मोठी कंपनी म्हणते, आम्हाला सरकारकडून आलं की देतो. तुमच्याकडे दोन कवचं आहेत, दोन्ही वापरायला शिका.

पहिलं, उद्यम नोंदणी. ऑनलाइन, फुकट. कोणी पैसे मागितले तर उठून या. ती काम घ्यायच्या आधी करा, बिल अडकल्यावर नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानं हक्क दिलाय: लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण कमाल ४५ दिवसांत पैसे; करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते. दुसरं, आयकर कायद्यात २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आलेली तरतूद, ४३बी(एच). तुमचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. मार्चमध्ये तिच्या अकाउंटंटला हे सौम्य शब्दांत आठवण करून द्या, भांडायची गरज पडत नाही. मात्र अख्ख्या बांधकामाच्या ठेक्याला २००६ चा कायदा लागू होतो का, यावर कोर्टात वाद झालेत. सर्व्हे, चाचणी, मोजणी या सेवा आहेत. तुमच्या कामाच्या आदेशात तसंच स्वच्छ लिहून घ्या. तोंडी कामावर यंत्र उचलू नका, मग समोर मामा असो की मेहुणा.

भांडवलासाठी पीएमईजीपीमध्ये २०२२ च्या बदलानंतर सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा आणि उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, महिला, मागास प्रवर्ग आदी विशेष गटांना ३५ टक्के अनुदान. चालू नियम काय आहेत ते बुलढाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन आधी विचारा. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. यंत्रांची दोन-तीन कोटेशन, तालुक्यात सध्या चालू असलेल्या रस्ते-तलावांच्या कामांची तुम्ही स्वतः फिरून केलेली यादी, आणि त्यातल्या निदान दोन कंत्राटदारांचं 'काम देऊ' असं पत्र. बँक मॅनेजर तुमच्या उत्साहापेक्षा त्या पत्राकडे जास्त वेळ बघतो.

यादी करताना प्रत्येक साइटवर एकच प्रश्न विचारा: "दादा, मुरूम कुठून येतोय?" उत्तर लिहून घ्या, किलोमीटरसकट. मग जवळचा गाळानं भरलेला तलाव किती अंतरावर आहे ते नकाशावर मोजा. कमेंटमध्ये तुमचा तालुका, साइटचा लीड आणि तलावाचं अंतर टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातले तीन-चार हिशेब घेऊन सर्व्हेचं कोटेशन कसं बनवायचं ते करून दाखवतो.